घरात अचानक खर्च निघाला तर पैसे कुठून आणायचे, आणि त्याच्या आधी काय करून ठेवायचं

चार वर्षं झाली असतील, आत्या म्हणजे माझ्या सासूबाई न्हाणीत पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. जवळचा होता तो दवाखाना गाठला, तिथं आधी २०,००० भरा म्हणले आणि घरात होते साडेतीन हजार. रात्रीचे नऊ वाजलेले, कुणाला फोन करावा सुचेना, शेवटी ओळखीतल्या एकानं शेकडा ५ नं ४०,००० दिले आणि आम्ही देवासारखा धावून आला म्हणून घेतले. पुढं महिन्याला २,००० नुसतं व्याज. अकरा महिने भरलं, २२,००० गेले, मुद्दल चाळीसची चाळीस. मग माझ्या पाटल्या मोडून ते मिटवलं. पाटल्या गेल्याचं वाईट वाटतंच, पण त्या रात्री आम्हाला काहीच माहीत नव्हतं याचं अजून जास्त वाटतंय. कुठं फुकट होतंय, कुठं स्वस्तात पैसे मिळतात, कुणाला विचारायचं, काही म्हणजे काही नाही. ते नंतर एकेक कळत गेलं, म्हणून सगळं एका जागी लिहायलेय, जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही राहतो लातूरला, गाव औसा तालुक्यात. मिस्टर डाळ मिलमधे मुनीम आहेत, मी घरी ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते, गावाकडं तीन एकर कोरडवाहू आहे ते मामंजी बघतात. दोन लेकरं. म्हणजे फार तंगी पण नाही आणि हात मोकळा पण नाही, असं घर.

पहिलं काम वहीचं. खर्च लिहा म्हणून सगळेच सांगतात, आणि रोजचा भाजीपाला लिहून लिहून आठ दिवसात कंटाळा येतो, माझा पण तीनदा सुटला. मग मी फक्त एवढंच लिहायला लागले की जो खर्च दर महिन्याला नसतो तेवढाच लिहायचा. किराणा, दूध, भाडं, लाईट बिल काही नाही. महिन्यात चार-पाच ओळी होतात, त्यामुळं सुटत नाही. वर्षाच्या शेवटी बेरीज मारली तर हे निघालं: जूनमधे लेकरांच्या वह्या, दप्तर, ड्रेस, रेनकोट ६,८०० रुपये, गाडीचा टायर आणि इन्शुरन्स ३,१००, लग्नाचे आहेर ९,५००, कूलरचा पंप आणि नवीन गवत १,२००, उन्हाळ्यात पाण्याचे चार टँकर २,८००, दवाखाना ८,४००, मोबाईलचा डिस्प्ले २,२००, गावाकडच्या घराचे पत्रे ३,०००. एकूण ३७,०००.

आता यात खरंच अचानक काय होतं? दवाखाना, मोबाईल आणि पत्रे, ते झाले १३,६००. बाकीचे २३,४०० तर दरवर्षी येतातच की. जून दरवर्षी येतो, लग्नसराई दरवर्षी येते, आणि लातूरमधे उन्हाळ्यात पाणी विकत घ्यावं लागणार हे तर शेंबड्या पोराला पण माहितीय, २०१६ च्या एप्रिलमधे मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं आपल्याला. तरी दरवर्षी आपण "बाई गं, मधेच खर्च निघाला" असंच म्हणतो. ३७,००० भागिले १२ केलं की महिन्याला तीन हजाराच्या वर जातंय, आणि आपण महिन्याचा खर्च धरताना हे तीन हजार धरतच नाही, म्हणून पगार पुरत नाही असं वाटतं. तुमचा आकडा वेगळा येईल पण काढून बघाच, एक वर्षाची वही नसली तर फोन पेचं जुनं सगळं खाली खाली करत जा, निम्मं तिथंच सापडतंय.

दुसरी गोष्ट, आपल्याकडं पैसा सारखा येत नाही. ज्यांची शेती आहे त्यांना माहितीय, सोयाबीनचे दसरा-दिवाळीला येणार, तुरीचे संक्रांतीनंतर, हरभऱ्याचे शिमग्याच्या आसपास, आणि मग जून ते सप्टेंबर नुसतं घालायचं, बी, खत, फवारणी, शाळा, वरून पावसाळ्यातली दुखणी. म्हणजे चार महिने खड्डा. त्यात २०२५ सारखं वर्ष आलं, सप्टेंबरमधे एवढा पाऊस झाला की सोयाबीन उभ्यानं पाण्यात गेलं, दिवाळीचा पैसा आलाच नाही, आणि ज्यांनी आडतीवर आधीच उचल घेतली होती त्यांचे लई हाल झाले. त्यामुळं मी घरात एक नियम केलाय की रानातला माल विकून पट्टी हातात पडल्याशिवाय त्या पैशाचं काहीच ठरवायचं नाही, फ्रीज नाही, सोनं नाही, कुणाला शब्द पण द्यायचा नाही. आणि पट्टी आली की त्यातून सगळ्यात आधी जून ते सप्टेंबरचा खड्डा बाजूला काढायचा, मग बाकीचं. कॅलेंडरच्या मागच्या पानावर बारा महिन्याचे बारा खण पाडा आणि प्रत्येकात आपल्या घरचा ठरलेला मोठा खर्च लिहा, बस, एवढं केलं तरी डोक्याचा ताण कमी होतोय.

आता बाजूला काढलेले पैसे ठेवायचे कुठं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं कारण माझे पैसे इथंच गळत होते. पगाराच्या खात्यात ठेवले की ते राहत नाहीत, फोन काढला की स्कॅन केलं, गेले. म्हणून मी पोस्टात वेगळं बचत खातं काढलं, ५०० रुपयात निघतंय, आणि त्याला फोन पे जोडलंच नाही. पैसे काढायचे तर रांगेत उभं राहावं लागतंय, आणि त्या अर्ध्या तासाच्या कंटाळ्यानं माझे किती पैसे वाचलेत काय सांगू. थोडे नगदी घरात पाहिजेतच, मी २,००० ठेवते, रात्रीबेरात्री रिक्षा लागते, एटीएम बंद असतंय. आमची आजी उतरंडीतल्या खालच्या गाडग्यात ठेवायची, माझे ज्वारीच्या डब्यात आहेत. आणि पोस्टातच आरडी, म्हणजे दर महिन्याला ठराविक पैसे भरायची ठेव, १०० रुपये महिन्यापासून सुरू होते, पाच वर्षाची असते, पण बारा हप्ते भरले की जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतंय हे लई जणांना माहीतच नसतं. माझे लाडकी बहीणचे १,५०० आले की मी सरळ आरडीत टाकते, ते पैसे घरखर्चात धरायचेच नाहीत असं पहिल्या महिन्यापासून ठरवलं म्हणून जमलं, एकदा खर्चात मिसळले की काढता येत नाहीत.

एक कळकळीनं सांगते, जास्त व्याजाच्या लोभानं अडीअडचणीचे पैसे पतसंस्थेत नाहीतर मल्टिस्टेटमधे ठेवू नका. बँकेतल्या ठेवीला एका माणसाच्या नावावर ५ लाखापर्यंत विमा असतो, सहकारी बँकेला पण असतो, पतसंस्थेला आणि मल्टिस्टेट सोसायटीला तो नसतो. नावात अर्बन, मल्टिस्टेट, क्रेडिट काय पण असू द्या, आत जाऊन विचारायचं की ठेव विमा आहे का आणि पाटी कुठंय. आमच्या नात्यातल्या एका मावशीनं पोरीच्या लग्नाचे पैसे असेच ठेवले, ऐन लग्नाच्या टायमाला शटर बंद. अजून चकरा मारायलेत.

वाचवायचं कुठून, तर पोटाला चिमटा घेऊन नाही. आपल्याकडं धान्याचं गाव, त्याचा फायदा घ्यायचा. ज्वारी फेब्रुवारी-मार्चमधे नवी निघते तेव्हा वर्षाची भरायची, तूर डाळ पण सुगीतच, मिलवर तुकडा डाळ मिळते ती आमटीला, वरणाला काही फरक पडत नाही आणि स्वस्त पडते. ज्वारी भरताना एक चूक सगळे करतात, उन्हात वाळवून गरम गरमच कोठीत ओततात, मग आतून घाम सुटतो आणि जाळी होते. दोन दिवस कडक ऊन द्या, रात्रभर पसरून गार होऊ द्या, मग कडुलिंबाचा वाळलेला पाला घालत थर द्या, पावसाळा निघतो. उन्हाळ्यात खारोड्या, सांडगे, कुरडया आणि येसर (भाजलेल्या धान्याचं मसाला घातलेलं पीठ) करून ठेवलं की पावसाळ्यात भाजी महाग झाली तरी आठवड्यातले दोन-तीन दिवस निघतात, येसराची आमटी आणि भाकरी लेकरं पण आवडीनं खातात.

लाईट बिलाचं नीट समजून घ्या. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्यानं आहे, १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, आणि शंभरच्या वरच्या युनिटचा दर जवळपास दुप्पट लागतो. म्हणजे १३० युनिट होत असतील तर वरचे ३० वाचवण्यातच खरा फायदा आहे. साधा पंखा ७५ वॅटचा असतो, नवीन बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास, दिवसात १८ तास फिरला तर महिन्याला एका पंख्यामागं २४ युनिट वाचतात. लगेच सगळे बदलू नका, ज्या खोलीतला पंखा सगळ्यात जास्त फिरतो तो एकच बदला. रीडिंग मी दर रविवारी मीटरवर जाऊन बघते, २५ च्या वर एका आठवड्यात गेलं की कळतंय काहीतरी जास्त झालं.

वस्तू बिघडली की फेकायची घाई नको. पंखा हळू फिरायला लागला तर बहुतेक वेळा कंडेन्सर गेलेला असतो, पन्नास-शंभराचं काम आहे. मिक्सर चालूच होईना तर आधी खालचं लाल बटण दाबून बघा, नाही झालं तर कार्बन बघायला सांगा, ते पण स्वस्तात होतंय. फ्रीज गार करत नाही तर दाराच्या रबरात कागद अडकवून ओढून बघा, सहज निघाला तर रबर गेलंय. आणि आपलं बोरचं पाणी क्षाराचं, त्यानं कूलरची जाळी आणि हिटरची कॉईल खराब होते, उन्हाळा संपला की कूलर धुवून, कोरडा करून, झाकून ठेवला तर पंप दोन-तीन वर्षं जातो. मी ठेवत नव्हते म्हणून दरवर्षी नवीन लागायचा.

आहेराचं जरा अवघड आहे, मान्य. नात्याचा प्रश्न असतो. पण आपण करतो काय, साडी नेतो, ते आपल्याला साडी देतात, टॉवेल-टोपी इकडची तिकडं, आणि पेटीत वीस साड्या पडून. आमच्या जावा-नणंदांनी बसून ठरवलं की आपसात कपड्याचा आहेर बंद, पाकीट, आणि आकडा सगळ्यांना सारखा. पहिल्या लग्नात थोडी कुजबूज झाली, नंतर सगळ्यांना बरं वाटायला लागलं. फक्त हे एकटीनं करू नका, चार घरं मिळून करा, नाहीतर एकटीवर येतंय. लेकरांच्या शाळेचं म्हणाल तर फीचे हप्ते पाडून द्या असं सरळ मुख्याध्यापकांना जाऊन बोला, जून उजाडायच्या आधी बोला. पुस्तकं वरच्या वर्गातल्या पोराकडून घ्या, बालभारतीची पुस्तकं मोबाईलवर फुकट पण मिळतात. आणि घरात मुलगी इंजिनिअरिंग, फार्मसी असं व्यावसायिक शिकणार असेल तर जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणं ८ लाखापर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस घरातल्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे, उत्पन्नाचा दाखला वेळेत काढून ठेवा, ऐनवेळी तहसीलला लई गर्दी असते.

आता खरंच अंगावर खर्च आला तर.

दवाखान्याचा असेल तर पैसे शोधायच्या आधी दवाखाना नीट निवडायचा. १०८ ला फोन केला की ॲम्ब्युलन्स फुकट येते. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यात, म्हणजे प्राथमिक केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय, तपासणी आणि उपचाराला पैसे लागत नाहीत. मेडिकल कॉलेजचे दवाखाने, संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, हे वेगळ्या खात्याकडं येतात, तिथं थोडी फी असते पण खाजगीच्या मानानं काहीच नाही. खाजगीतच जायचं झालं तर दारातच विचारा, महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे का, आणि आरोग्यमित्र, म्हणजे योजनेची माहिती देणारा माणूस, कुठं बसतात. रेशन कार्ड आणि आधार लागतंय, एका कुटुंबाला वर्षाला ५ लाखापर्यंत आहे, पण ती यादीतल्याच दवाखान्यात आणि यादीतल्याच उपचाराला. आम्ही आत्यांच्या वेळी हा एक प्रश्न विचारला नाही, आणि नंतर कळलं की आमच्याच गल्लीतल्या एकांचं तसलंच ऑपरेशन दुसऱ्या दवाखान्यात योजनेतून झालं होतं. गोळ्या कायमच्या असतील, बीपी, शुगर, तर डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून द्या म्हणा आणि जनऔषधी केंद्रात न्या, आत्यांच्या महिन्याच्या गोळ्या ९०० वरून अडीचशेवर आल्या.

पैसेच लागत असतील तर उतरत्या क्रमानं हे बघा. आधी डबा आणि पोस्टाचं खातं. मग बचत गट, आमच्या गटात शेकडा २ नं मिळतंय, व्याज जास्त वाटतं पण ते व्याज परत गटातच, म्हणजे आपल्यातच राहतंय, आणि बायका अडचण समजून घेतात. मग आरडीवरचं कर्ज, एलआयसीची जुनी पॉलिसी असेल तर तिच्यावरचं. मग मालकाकडून पगाराची उचल, पण दोन महिन्यात फिटेल एवढीच. मग सोनं, आणि सोनं मोडू नका, बँकेत तारण ठेवा. हिशोब बघा, ४०,००० ला शेकडा ५ म्हणजे महिन्याला २,०००, वर्षाला २४,०००, म्हणजे वर्षाला ६० टक्के. तेच बँकेत सोनेतारण साधारण वर्षाला १० टक्क्यानं धरलं तर महिन्याला साडेतीनशेच्या आत. गावात "शेकडा ५" म्हणतात तेव्हा ते महिन्याचं असतंय आणि बँक सांगते ते वर्षाचं, या एका गोष्टीत माझ्यासारखी कितीतरी माणसं फसलीत. फक्त तारणाची मुदत लिहून ठेवा, वेळेत व्याज भरून नूतनीकरण नाही केलं तर लिलावाची नोटीस येते.

नातेवाईकाकडून हातउसनं घेतलं तर तारीख आपणच सांगायची आणि त्या तारखेला सगळे जमले नाहीत तर निम्मे तरी नेऊन द्यायचे, फोन टाळायचा नाही. सावकाराकडं जायचीच वेळ आली तर परवाना बघा, २०१४ च्या कायद्यानं परवान्याशिवाय सावकारी गुन्हा आहे, तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडं नाहीतर जिल्हा उपनिबंधकाकडं करता येते. कोऱ्या स्टॅम्पवर, कोऱ्या चेकवर सही अजिबात नाही, आणि रानाचं खरेदीखत करून पैसे घेणं तर नकोच नको. मोबाईलवरचं झटपट लोनचं ॲप घेऊ नका, ते फोनमधले सगळे नंबर, फोटो ओढून घेतात आणि मग नातेवाईकांना घाण मेसेज पाठवतात. कुणी फसलं असेल तर गप्प बसू नका, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, १९३० ला फोन करा, पैसे गेले त्यापेक्षा माणूस महत्त्वाचं आहे, घरात सांगा.

खर्च निभावला की डबा रिकामा राहू द्यायचा नाही. मी त्या महिन्यापासून शिलाईच्या पैशातला प्रत्येक ब्लाऊजमागं ५० रुपये डब्यात टाकते, २,००० परत होईपर्यंत. आणि दोन छोटे विमे सगळ्यांनी घ्याच, बँकेत फॉर्म भरला की दरवर्षी आपोआप कटतात: प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपये, अपघातात मृत्यू झाला तर घरच्यांना २ लाख, वय १८ ते ७०. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा ४३६ रुपये, कशानंही मृत्यू झाला तरी २ लाख, १८ ते ५० वयात घेता येतो. मे संपताना पैसे कटतात म्हणून तेव्हा खात्यात ५०० तरी राहू द्या, बॅलन्स नसला की विमा बंद पडतो आणि आपल्याला कळत पण नाही.

अजून एक करून ठेवा. दाराच्या मागं खिळ्याला एक प्लास्टिकची पिशवी अडकवा, त्यात रेशन कार्डाची झेरॉक्स, घरातल्या सगळ्यांच्या आधारच्या दोन-दोन झेरॉक्स, आयुष्मान कार्ड, पासबुकचं पहिलं पान, विम्याची पावती, कोण कुठली गोळी घेतंय त्याची चिठ्ठी आणि एका कागदावर चार जणांचे नंबर मोठ्या अक्षरात, कारण घाबरल्यावर मोबाईलमधलं नाव सापडत नाही. आमच्या घरी थोरल्या पोराला पण ती पिशवी माहितीय. मागच्या पावसाळ्यात मामंजींना गावाकडं रात्री ताप चढून भ्रम झाला तेव्हा त्यानंच पिशवी काढून गाडीत ठेवली, आम्ही सरळ सरकारी दवाखान्यात गेलो, तीन दिवस ठेवलं, आणि डब्यातले ७०० रुपये लागले.